शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष : ऑर्थोपेडिक्समधील संशोधन फेलोशिपचा अनुभव

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात तिसरे वर्ष संपत आले की ऑर्थोपेडिक्स, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी किंवा कान-नाक-घसा अशा चुरशीच्या शाखेकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्यांपुढे एक निर्णय येऊन ठेपतो. थेट चौथ्या वर्षात जाऊन रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या विशेष शाखेतील प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा, की मध्ये एक वर्ष थांबून एखाद्या शल्यविभागात पूर्णवेळ संशोधन करायचे? मी थांबले. जुलै २०२३ ते जून २०२४ या काळात एका मोठ्या ट्रॉमा (अपघाती दुखापतींच्या) रुग्णालयाच्या ऑर्थोपेडिक्स विभागात मी क्लिनिकल रिसर्च फेलो म्हणून काम केले. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांना या वर्षात नेमके काय घडते हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या वर्षाचे महत्त्व एवढे वाढले त्याला एक ठळक कारण आहे. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेतील स्टेप वन या पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले आणि केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच निकाल लागू लागला. ज्या आकड्यावर पूर्वी अर्जांची पहिली चाळणी होत असे तो आकडाच नाहीसा झाल्यामुळे स्टेप टू या पुढील टप्प्याचे गुण, शिफारसपत्रे आणि संशोधन यांचे वजन आपोआप वाढले. रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या 'मॅच' या राष्ट्रीय प्रक्रियेच्या २०२२ च्या अहवालात ऑर्थोपेडिक्समध्ये निवड झालेल्या अमेरिकन एमडी (तेथील पहिली वैद्यकीय पदवी) विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी १६.५ शोधनिबंध, सारांश आणि सादरीकरणे होती. न्यूरोसर्जरीत हीच सरासरी २५.५ होती. हे आकडे वाचून छातीत धडकी भरते, परंतु त्यांत छापून आलेले निबंध, परिषदेतील पोस्टर आणि सारांश हे सगळे एकत्र मोजलेले असते. एकच काम दोन परिषदांत मांडून नंतर छापले, तर ते तीन नोंदी म्हणून दिसते. हे समजून घेतल्याशिवाय या शर्यतीत उतरणारे विद्यार्थी वर्षभर केवळ नोंदी वाढवत राहतात, आणि ज्या शाखेत आयुष्य घालवायचे तिच्याविषयी त्यांना नवे फारसे काही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही कोल्हापूरहून न्यू जर्सीला आलो तेव्हा मी सातवीत होते. घरात वैद्यकीय क्षेत्रातले कोणी नाही. मी निर्णय सांगितला तेव्हा बाबांनी पहिल्यांदा विचारले, "अगं, सगळे पुढे जाणार आणि तू मागे राहणार. मग डॉक्टर होणार तरी कधी?" त्यांचा दुसरा प्रश्न शैक्षणिक कर्जाचा होता, आणि तो अतिशय रास्त होता. संघीय कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयातून नुसती रजा घेतली आणि ती १८० दिवसांच्या पुढे गेली, तर नियमाच्या दृष्टीने त्याने शिक्षण सोडले असे धरले जाते. परतफेड सुरू होण्यापूर्वीची सहा महिन्यांची सवलतीची मुदत संपते आणि हप्ते सुरू होतात. आमच्या महाविद्यालयात संशोधन वर्षासाठी अल्प शुल्क भरून पटावर राहण्याची सोय होती, तिचा मला उपयोग झाला. ही सोय सर्वत्र असतेच असे नाही, म्हणून कोणत्याही विभागाला होकार कळवण्यापूर्वी विद्यार्थी कार्यालय आणि कर्ज विभाग या दोन्ही ठिकाणांहून लेखी उत्तर घ्यावे.

फेलोशिप शोधण्यासाठी रेसिडेन्सीसारखी एकच केंद्रीय व्यवस्था नाही. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा मेडिकल रिसर्च स्कॉलर्स प्रोग्रॅम २०१२ पासून आहे, त्याची प्रक्रिया आखीव आहे. शल्यशाखांतील बहुतेक जागा मात्र विभागांच्या संकेतस्थळांवर, जुन्या फेलोंच्या तोंडून किंवा थेट एखाद्या सर्जनला लिहिलेल्या पत्रातून कळतात. मी शरद ऋतूपासून पत्रे लिहायला सुरुवात केली आणि मुलाखती हिवाळ्यात ऑनलाइन झाल्या. एका ठिकाणी मला पहिल्याच पाच मिनिटांत सांगण्यात आले की वर्षाखेरीस माझ्या नावावर वीस निबंध असतील. त्यांचा विषय काय असेल हे मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही. त्या विभागातून बाहेर पडलेल्या दोन फेलोंशी बोलल्यावर मी तो पर्याय सोडला. जेथे गेले, तेथे मी विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली : नैतिकता समितीची मंजुरी मिळालेली किती कामे तयार आहेत, विभागात संख्याशास्त्रज्ञ आहे का, रुग्णांना प्रत्यक्ष भेटता येईल का, आणि मागील फेलोंनी अर्धवट सोडलेली कामे कोणाकडे जातात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विभागाविषयी सर्वांत जास्त सांगून जाते.

मानधनाविषयी लिहिणे आवश्यक आहे. मला मिळणाऱ्या रकमेत घरभाडे आणि किराणा भागत असे, त्यापलीकडे काही उरत नसे. परंतु कितीतरी जागा पूर्णपणे विनामानधन असतात आणि तरीही भरतात, कारण रांग मोठी आहे. घरून वर्षभराचा खर्च मिळू शकणाऱ्या मुलामुलींनाच हे वर्ष परवडावे आणि मग त्यांचेच अर्ज जड दिसावेत, हा अन्याय आहे. पूर्णवेळ काम करून घेणाऱ्या विभागांनी त्याचे पैसे दिलेच पाहिजेत.

पहिले काही आठवडे प्रशिक्षणात गेले. मानवी सहभागींवरील संशोधनाचा अभ्यासक्रम आणि रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा हिपा कायदा यांची प्रमाणपत्रे मिळाल्याशिवाय कोणाचाही केसपेपर उघडता येत नाही. माहिती नोंदवण्यासाठी रेडकॅप ही प्रणाली शिकावी लागते. व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेली ही प्रणाली आज संशोधन विभागांत सर्रास वापरली जाते. याच काळात माझ्या मार्गदर्शकांनी मला अर्नेस्ट कॉडमन यांच्याविषयी वाचायला लावले. बॉस्टनच्या या सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधी मागणी केली होती : प्रत्येक शस्त्रक्रियेच्या रुग्णाला किमान वर्षभराने पुन्हा तपासा, उपचार यशस्वी झाला की नाही ते लिहून ठेवा, आणि नसेल झाला तर का नाही तेही लिहा. त्यांनी १९११ मध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि पुढील पाच वर्षांतील ३३७ रुग्णांच्या नोंदींत आढळलेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना ते रुचले नाही, आणि त्यांना बराच एकटेपणा सोसावा लागला. तिसऱ्या वर्षात मी प्रत्येक विभागात काही आठवडे राहून पुढे सरकत होते; शस्त्रक्रिया पाहिली, टाके काढताना पाहिले, पण त्या माणसाचे पुढे काय झाले हे मला एकदाही कळले नव्हते. कॉडमन यांचे म्हणणे वाचल्यावर मला या वर्षाचा उपयोग समजला.

आमचा मुख्य अभ्यास उतारवयातील खुब्याच्या फ्रॅक्चरचा होता, आणि त्याच्या जोडीला घोट्याच्या फ्रॅक्चरचा एक लहान अभ्यास होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की जुन्या केसपेपरांतून माहिती काढणे हे कारकुनी काम आहे. प्रत्यक्षात शल्यशास्त्राचा सूक्ष्म अभ्यास मला तेथेच घडला. एक उदाहरण देते. मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरसाठी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचा बिलाचा कोड २७२३६ असतो. हाड स्क्रूने जोडले तरी हाच कोड, आणि तुटलेले डोके काढून कृत्रिम डोके बसवले तरी हाच. हे दोन उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. त्यांचे धोके, चालण्याची मुभा, पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता, सगळेच वेगळे. म्हणजे केवळ कोडवर विसंबून कोणी हजारो रुग्णांचा निष्कर्ष काढला, तर त्यात भलत्याच दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतील. प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेची टिपणी आणि नंतरचा एक्स-रे उघडून पाहणे हाच उपाय, आणि ते काम फेलोचे. त्यानंतर कोणताही निबंध वाचताना माझी नजर आधी माहिती कोठून घेतली या परिच्छेदाकडे जाऊ लागली.

गोपनीयतेच्या नियमांतही असेच बारकावे आहेत. ओळख पटवू शकणाऱ्या अठरा प्रकारच्या गोष्टी काढून टाकल्यावरच माहिती निनावी मानली जाते, आणि त्यांत ८९ वर्षांवरील वयाचाही समावेश आहे. खुब्याच्या अभ्यासात नव्वदी ओलांडलेले रुग्ण नित्य असतात. निनावी तक्त्यात त्या सर्वांना '९० आणि पुढे' अशा एकाच गटात टाकावे लागे.

रुग्णांची नोंदणी हा या वर्षातील सर्वांत जिवंत भाग होता. पहाटे सहाच्या सुमारास रात्रपाळीचे रेसिडेंट आलेल्या फ्रॅक्चरची माहिती सांगत, मी पात्र रुग्णांची यादी करी आणि मग प्रत्येकाच्या खाटेपाशी जाऊन अभ्यासाविषयी बोले. संमती म्हणजे सही घेणे नव्हे, हे पुस्तकात वाचलेले असते. वेदनेने कण्हत असलेल्या, आयुष्यात प्रथमच शस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या वृद्धाला बारा पानांचा मजकूर समजावून सांगताना ते खरोखर कळते. मी प्रत्येकाला शेवटी विचारी की आता तुमच्या शब्दांत मला सांगा, तुम्ही कशात भाग घेत आहात. पुष्कळ जण सांगत की यामुळे माझी शस्त्रक्रिया अधिक चांगली होईल. मग पुन्हा पहिल्यापासून.

हिवाळ्यात एक मराठी आजी दाखल झाल्या. मिरजेकडच्या, मुलाकडे पाहुण्या म्हणून आलेल्या. घरासमोरच्या बर्फावरून पाय घसरून खुब्याचे हाड मोडले होते. (ओळख पटेल असा तपशील येथे बदलला आहे.) मी मराठीत बोलू लागताच त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारले, "बाळा, तू कुठली गं?" कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांना एवढा धीर आला की अभ्यासाविषयी ऐकून घेतल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "आण इकडे, करते सही. माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं भलं होत असेल तर हरकत काय?" परंतु मला त्यांची सही घेता येत नव्हती. आमच्या अभ्यासाला केवळ इंग्रजी आणि स्पॅनिश संमतीपत्रांची मंजुरी होती, आणि नैतिकता समितीच्या नियमाप्रमाणे संशोधन गटातील व्यक्तीने स्वतःच दुभाषी होऊन संमती घेणे चालत नव्हते. नियमामागचा विचार योग्यच आहे. ज्या मुलीचा हात धरून आजींना धीर आला, तिला नाही म्हणणे त्यांना जड गेले असते. पण नियमाचा परिणाम असा होता की मराठी, गुजराती, नेपाळी, व्हिएतनामी बोलणारी म्हातारी माणसे त्या अभ्यासात कधीच मोजली जाणार नव्हती, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष उपचार करताना त्यांनाही लावला जाणार होता.

त्या संध्याकाळी मी मार्गदर्शकांकडे विषय काढला आणि आम्ही समितीकडे दुरुस्तीचा प्रस्ताव नेला. अमेरिकन नियमांत अशा प्रसंगासाठी छोट्या संमतीपत्राची तरतूद आहे : सहभागीच्या भाषेतील लहान मजकूर, तोंडी दिलेली पूर्ण माहिती आणि दोन्ही भाषा समजणारा साक्षीदार. समितीकडे काही भाषांतील मजकूर तयार होते, मराठीचा नव्हता. प्रमाणित भाषांतर करून घेण्याचा खर्च विभागाने उचलला. मंजुरी आली तोवर आजी मुलाच्या घरी गेल्या होत्या आणि नोंदणीची मुदत टळली होती. पुढील महिन्यांत मात्र दूरध्वनीवरील दुभाषांच्या मदतीने इंग्रजी न बोलणारे काही रुग्ण अभ्यासात आले. माझ्या नावावर या कामाची एकही नोंद झाली नाही, तरी वर्षभरातील जी कामे मी सर्वांत आधी सांगते त्यांत हे आहे.

यानंतरचे मोठे काम पाठपुराव्याचे. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा टप्प्यांवर रुग्णांकडून त्यांच्या हालचालीविषयी आणि वेदनेविषयी प्रश्नावली भरून घ्यायची. क्लिनिकमध्ये आलेल्यांची घ्यायची, न आलेल्यांना फोन करायचा, आणि फोन न उचलणाऱ्यांना संध्याकाळी किंवा शनिवारी पुन्हा गाठायचे. जे रुग्ण पुन्हा येत नाहीत ते बरे झाले म्हणून येत नाहीत, की निराश होऊन दुसरीकडे गेले, की येण्यासाठी वाहनच नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि न विचारता केलेला हिशेब जवळपास नेहमीच सर्जनला सुखावणारा निघतो.

घोट्याच्या अभ्यासातील एक छप्पर बसवणारा कारागीर मला स्पष्ट आठवतो. त्याचा सहा महिन्यांचा एक्स-रे पाहून क्लिनिकमधील आम्ही सगळे खूश होतो : प्लेट जागेवर, हाड पूर्ण जुळलेले, सांधा नीट. टिपणीत 'उत्तम' असे लिहिले गेले. मी प्रश्नावली घेऊन बसले तेव्हा समजले की त्याला शिडीच्या पायरीवर पाऊल तिरके टेकवता येत नाही, त्यामुळे तो अजून छपरावर चढलेला नाही आणि मालकाने त्याला गोदामात कमी पगारावर ठेवले आहे. मी ते मार्गदर्शकांना सांगितले, ते परत खोलीत गेले आणि फिजिओथेरपीची दिशा बदलून आले. एक्स-रेवर हाड दिसते. शिडी दिसत नाही.

वर्षपूर्तीचे फोन सर्वांत अवघड होते. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण चार-पाचांतील एक वृद्ध दगावतो, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. फोन करण्यापूर्वी केसपेपर आणि स्थानिक निधनवार्ता पाहून घेण्याची पद्धत आहे, तरीही कधीतरी पलीकडून पत्नी किंवा मुलगी ते सांगते. अशा वेळी प्रश्नावली बाजूला ठेवायची, सांत्वन करायचे, त्यांना बोलायचे असेल तर ऐकत राहायचे. तारीख विचारायची ती अगदी शेवटी, आणि योग्य वाटले तरच. काही जणांनी मला रुग्णाचे शेवटचे महिने तपशिलाने सांगितले : शस्त्रक्रिया चांगली झाली, पण ते पुन्हा अंगणापर्यंत गेले नाहीत. रेडकॅपमध्ये यासाठी एकच चौकोन असतो.

मोठे निष्कर्ष अशाच असंख्य फोनांवर उभे असतात, हेही याच वर्षी नीट उमगले. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिव्हेंट क्लॉट या अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातील २१ ट्रॉमा केंद्रांमधील १२,२११ रुग्ण होते. फ्रॅक्चरनंतर रक्ताच्या गुठळ्यांनी मृत्यू येऊ नये म्हणून रोज इंजेक्शने द्यायची, की साधी ॲस्पिरिनची गोळी पुरते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ॲस्पिरिन गटात ०.७८ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात ०.७३ टक्के निघाले. ॲस्पिरिन कमी पडली नाही. पोटात रोज दोनदा सुई टोचून घेणाऱ्या माणसाला या दोन आकड्यांचा अर्थ लगेच समजेल. बारा हजारांमागे बारा हजार संमती आणि नव्वदाव्या दिवसापर्यंतचा माग असतो, आणि तो कोणीतरी काढलेला असतो.

लेखकांच्या नावांचा विषय नाजूक असतो आणि तो सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : कामात भरीव वाटा, लेखनात किंवा चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. आमच्या विभागात प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत कोण काय करणार आणि नावे कोणत्या क्रमाने येणार हे लिहून ठेवले जाई आणि काम बदलले तर क्रमही बदले. केवळ यादी वाढवण्यासाठी एकमेकांची नावे घालण्याची प्रथा फेलोंमध्ये बरीच आहे. मुलाखतीत कोणी त्या निबंधाच्या पद्धतीविषयी एक प्रश्न विचारला की अशी नावे उघडी पडतात.

वर्षभर रुग्णतपासणीपासून दूर राहिल्यास हात आणि डोके गंजते, ही भीती खरी आहे. मला आठवड्यातून एक दिवस क्लिनिकमध्ये आणि जमेल तेव्हा शस्त्रक्रियागृहात उभे राहण्याची मुभा होती, ती मी कधी सोडली नाही. स्टेप टूची परीक्षा हे वर्ष सुरू होण्यापूर्वीच दिली होती, कारण तिसऱ्या वर्षाचा अभ्यास तेव्हा ताजा असतो.

भारतात एमबीबीएस करणाऱ्यांसाठी हे वर्ष जसेच्या तसे उपलब्ध नसते. तेथून येणारे डॉक्टर बहुधा पदवीनंतर संशोधन फेलो म्हणून येतात, त्यांचे व्हिसाचे आणि मानधनाचे प्रश्न वेगळे असतात. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची १९७९ पासून चालत आलेली अल्पकालीन विद्यार्थी योजना दोन महिन्यांत प्रश्न मांडण्यापासून अहवालापर्यंतचा पूर्ण प्रवास घडवते, आणि तो अनुभव घेतलेले माझे पुण्या-मुंबईचे समवयस्क पद्धतीच्या बाबतीत कोठेही कमी नव्हते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अर्ज भरताना दहाच अनुभव लिहिता येतात आणि त्यांतले तीनच विस्ताराने, त्यामुळे लांबलचक याद्यांचा उपयोग तसाही मर्यादित झाला आहे. मी एका जागी खुब्याच्या अभ्यासातील पाठपुराव्याविषयी आणि दुसऱ्या जागी संमतीपत्रांच्या दुरुस्तीविषयी लिहिले. जवळपास प्रत्येक मुलाखतीत या दोहोंपैकी एकावर प्रश्न आला. एकूण निबंध किती, असे समोर बसून कोणी विचारले नाही. अर्थात मुलाखतीपर्यंत पोहोचण्यात त्या संख्येचाही वाटा असणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्च २०२५ मध्ये माझी ऑर्थोपेडिक्समध्ये निवड झाली. बाबांनी फोनवर विचारले, "आता मधे आणखी एखादं वर्ष नाही ना?" पाच वर्षांची रेसिडेन्सी आहे, एवढेच सांगितले.

खुब्याच्या अभ्यासात मी रुजू होण्याच्या सुमारास नोंदलेले रुग्ण जून २०२४ मध्ये वर्षपूर्तीला आले, तेवढ्यांना मी स्वतः फोन केले आणि उरलेली यादी नव्या फेलोकडे सोपवली. अंतिम विश्लेषण तिने आणि संख्याशास्त्रज्ञांनी केले, म्हणून ठरल्याप्रमाणे निबंधावर पहिले नाव तिचे आहे आणि माझे दुसरे. तो सध्या परीक्षकांकडे आहे. पहिल्या फेरीत त्यांनी विचारले आहे की पाठपुराव्यातून निसटलेले रुग्ण आणि टिकलेले रुग्ण यांत काय फरक होता, आणि त्याचे उत्तर देणारा तक्ता आमच्याकडे तयार आहे.